इमर्जन्सी मेडिसिनची पीजी चालू असताना शिकत राहायचं कसं? (खान्देशातल्या डॉक्टर, सिस्टर, एमओ म्हणजे मेडिकल ऑफिसर, सगळ्यांनी लिहा)

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. एमडी इमर्जन्सी मेडिसिन, दुसरं वर्ष. गाव शिरपूर तालुक्यात, कॉलेज खान्देशाबाहेर आहे, नाव विचारू नका. डीआरपीचे म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे तीन महिने नंदुरबार बाजूला मिळतील असं दिसतंय म्हणून मुद्दाम इथे विचारतेय.

प्रॉब्लेम असा की बारा-बारा तासांची ड्यूटी झाली की पुस्तक उघडायची ताकद राहत नाही, आणि उघडलं तरी दोन पानांत डोळे मिटतात. बॅचमधले काहीजण परदेशी सबस्क्रिप्शन घेतात, काहीजण प्रत्येक कॉन्फरन्सला जातात आणि सर्टिफिकेटचे फोटो टाकतात. एनएमसीचे म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनचे रिसर्च मेथडॉलॉजी आणि एथिक्सचे कंपल्सरी कोर्स झाले, एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर काय करायचं तो कोर्स) पण झालं. आता पुढे काय? एटीएलएसला (ॲक्सिडेंटच्या पेशंटचा कोर्स) पैसे घालावेत का? पॉडकास्ट कोणते ऐकावेत? स्टायपेंड वेळेवर येत नाही हे लक्षात ठेवून सांगा प्लीज 😅

तापीकाठ
स्वागत आहे ताई. मी जळगावकडे असतो, आता केस पांढरे झालेत. आमच्या वेळी ही ब्रँचच नव्हती. मेडिकल कौन्सिलने एमडी इमर्जन्सी मेडिसिनला मान्यता दिली २००९ मध्ये, डीएनबी त्यानंतर आलं. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे ज्याला कुठेच ड्यूटी नाही त्याला बसवायची जागा. कोणी शिकवणारं नव्हतं, रात्री सीनियरला फोन केला तर पहिलं वाक्य "ॲडमिट कर, सकाळी बघू".

तुम्ही लोक नशीबवान आहात कारण फुकट मटेरियल भरपूर आहे. २०१२ च्या आसपास त्याला फोम हे नाव पडलं, म्हणजे सगळ्यांना मोफत आणि खुलं मेडिकल एज्युकेशन. ईसीजीसाठी डॉ. स्मिथचा ईसीजी ब्लॉग, रोज एक केस, चहा पिताना होते. लाइफ इन द फास्ट लेन रेफरन्ससाठी. ईएमक्रिट क्रिटिकल केअरसाठी, ऐकताना मजा येते पण नवीन पोरांना उगाच जोर चढतो. पैसे भरायची गरज दुसऱ्या वर्षात तरी नाही असं माझं मत.

टाके_घालणारा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पॉडकास्ट म्हणजे शिकल्याचं समाधान. गाडी चालवताना कानात गोऱ्याचा आवाज, आणि समोर टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबलेलं) आला की हात थरथरतात. मी सर्जन आहे, मुंबई-आग्रा हायवेवर उमेदीची सगळी वर्षं घातलीत, पळासनेरपासून राहूड घाटापर्यंतचे ॲक्सिडेंट बघितलेत. छातीत सुई कुठे घालायची हे ऐकून येत नाही.

एटीएलएस मात्र करा. पैसे वाया जात नाहीत. तो कोर्स कसा सुरू झाला माहितीये का, १९७६ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात एका ऑर्थोपेडिक सर्जनचं, जेम्स स्टायनरचं, विमान शेतात पडलं, बायको जागीच गेली, पोरं जखमी, आणि गावच्या दवाखान्यात जे चाललं होतं ते बघून हा माणूस म्हणाला की मी स्वतः शेतात याच्यापेक्षा बरं करत होतो. तिथून दोन वर्षांत कोर्स उभा राहिला. म्हणजे तो मुळात मोठ्या हॉस्पिटलसाठी नाहीच, आपल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणासाठीच आहे. एबीसीडीई (आधी श्वासमार्ग, मग श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, मग बाकी अंग) हा क्रम एकदा अंगात भिनला की रात्री तीनला जीपमधून सात पेशंट उतरले तरी डोकं चालू राहतं.

सातपुड्याचा_एमओ
वरचं सगळं बरोबर आहे पण ताई नंदुरबारला येणार असाल तर तुमची परदेशी यादी इथे अर्धी पण कामाला येणार नाही. मी धडगाव बाजूला पीएचसीला आहे. इथे काय येतं ते सांगतो, मग ठरवा काय वाचायचं.

पावसाळा सुरू झाला की पान लागलेले पेशंट. नाग, घोणस, फुरसं कळतात, सूज असते, रक्त असतं, घरचे पण सांगतात. मण्यार कळत नाही. माणूस जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, उलटी होते, घरचे ॲसिडिटीची गोळी देतात, सकाळी पापण्या उघडत नाहीत आणि दुपारपर्यंत श्वास बंद. चावल्याची खूण शोधूनही सापडत नाही. तरण्या पोराचं पहाटेचं पोटदुखी, आणि जमिनीवर झोपला होता असं कळलं, की मी आधी पापण्या बघतो आणि त्याला एक ते वीस आकडे एका श्वासात म्हणायला लावतो. मान उचलता येते का ते बघतो. हे कोणत्या पॉडकास्टमध्ये आहे? असेल तर मला लिंक द्या, मी आनंदाने ऐकेन. मण्यारच्या केसला निओस्टिग्मिन इंजेक्शनवर फार भरवसा ठेवू नका, नागाला जमतं, मण्यारला शेवटी अँब्यू (हाताने श्वास द्यायची पिशवी) नाहीतर व्हेंटिलेटर. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) दहा व्हायल पोराला पण दहाच, वजनावर नाही, विष तेवढंच गेलेलं असतं. आणि एएसव्ही लावायच्या आधी ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवा, मोठ्या माणसाला ०.५ मिली मांडीत, कारण रिॲक्शन आली की ॲम्प्यूल फोडायला हात चालत नाहीत.

विंचू. लाल विंचवाचा पेशंट घामाने ओला, हातपाय गार, श्वास लागलेला येतो. त्याला प्राझोसिन. हे ज्ञान आलं कुठून? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडून. पीएचसीला नोकरी करता करता त्या माणसाने विंचवाचे पेशंट बघितले, लिहून ठेवले आणि १९८२ पासून लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलं. तेव्हा ना इंटरनेट ना सबस्क्रिप्शन. कोकणातला पीएचसीवाला जगाला शिकवतो आणि आपण इथे बसून विचारतो कोणता कोर्स करू. ताई तुम्हाला नाही बोललो, एकूणच बोललो.

तिसरं सिकलसेल. भिल्ल, पावरा समाजातला पोरगा ताप, छातीत दुखतंय, ऑक्सिजन कमी म्हणून आला की नुसता न्यूमोनिया लिहून मोकळं होऊ नका. ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलसेलमुळे फुफ्फुसातला रक्तपुरवठा अडणं) असू शकतो. सिकलसेलचं कार्ड घरात असतं पण सोबत आणत नाहीत, तेव्हा विचारायचं. आणि दुखण्याची क्रायसिस असेल तर वेदनेचं औषध पोटभर द्या, "नाटक करतोय" म्हणणारे आपलेच लोक मी बघितलेत.

रात्रपाळी
सर हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. एक ते वीस आकड्यांचं आम्हाला न्यूरोच्या पोस्टिंगला सांगितलं होतं, पण सापाशी जोडून कोणी सांगितलं नव्हतं.

स्टाफ_सिस्टर_आक्का
मी डॉक्टर नाही तरी लिहू का? वीस वर्षांच्या पुढे कॅज्युअल्टीत काढलेत, पहिल्या वर्षाचे किती जेआर (ज्युनियर रेसिडेंट) आले आणि किती कन्सल्टंट होऊन गेले.

सापाच्या वीस मिनिटांच्या टेस्टबद्दल सांगते, रक्त गोठतं का बघायची. काचेची ट्यूब लागते, प्लास्टिकची नाही. नवी, कोरडी, स्वच्छ. दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करून बघायचं. एका ठिकाणी (नाव नाही सांगत) मावशी त्या ट्यूब साबणाच्या पावडरने धुवून परत ठेवायच्या. त्या साबणामुळे चांगलं रक्त पण गोठत नाही, आणि मग बिनविषारी साप चावलेल्याला पण एएसव्ही चढायचं, वर रिॲक्शनचं टेन्शन वेगळं. कोणाच्या लक्षात येत नव्हतं कारण टेस्ट लावणारे डॉक्टर, ट्यूब धुणारी मावशी, आणि शिकवणं फक्त डॉक्टरांचं. तुमचे ते जर्नल क्लब होतात तेव्हा दार लावून घेता, आम्हाला आणि मामांना (वॉर्डबॉयना) बोलवत नाही. सीपीआरमध्ये छाती कोण दाबतं? मामाच दाबतात. मग शंभर ते एकशेवीसचा स्पीड आणि पाच सेंटीमीटर त्यांना कोण सांगणार?

तापीकाठ
आक्का, टाळ्या 👏 ट्रेनिंगच्या नावाखाली एवढा पैसा जातो आणि ट्यूब कोण धुतं हे विचारत नाही कोणी.

डीएनबी_पास_झालो_एकदाचा
उशिरा आलो धाग्यावर. चोपड्याचा आहे, सध्या नाशिकला. माझं म्हणणं वरच्या सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं आहे आणि जरा लांबड लागेल.

आपल्या ब्रँचची गोची अशी की आपण पेशंटचा पहिला तास बघतो आणि गोष्ट अर्धवट सोडतो. मेडिसिनवाल्याला राऊंडला कळतं की आपलं डायग्नोसिस चुकलं का बरोबर आलं, सर्जनला पोट उघडल्यावर कळतं, आपल्याला कोणीच सांगत नाही. आपण गॅस म्हणून घरी पाठवलेला माणूस दोन दिवसांनी दुसऱ्या हॉस्पिटलात इन्फार्क्ट (हार्ट अटॅक) घेऊन जातो आणि आपण तिसऱ्या दिवशी तितक्याच कॉन्फिडन्सने पुढच्याला गॅस म्हणतो. दहा वर्षं असं काम केलं तरी माणूस शिकत नाही, फक्त स्पीड वाढतो. त्यामुळे कंटिन्यूइंग एज्युकेशन म्हणजे माझ्या मते आधी हे: गोष्टीचा शेवट स्वतः जाऊन शोधायचा. कोर्सबिर्स नंतर.

मी काय करायचो, एक छोटी वही. पेशंटचं नाव नाही, फक्त आयपीडी नंबर, आणि माझं त्या क्षणाचं डायग्नोसिस, शाईने, खोडायचं नाही. प्रत्येक ड्यूटीतले दोन-तीनच, ज्यांच्याबद्दल मनात खुटखुट राहिली ते. पुढच्या ड्यूटीला अर्धा तास आधी जायचं आणि वॉर्डात जाऊन केसपेपर बघायचा, शेजारच्या रकान्यात खरं काय निघालं ते लिहायचं. रेफर केलेला असेल तर पुढच्या हॉस्पिटलच्या रेसिडेंटला फोन. सुरुवातीला लोक वैतागतात, "काय भो, केस करतोस का आमच्यावर" म्हणून, नंतर तेच स्वतः फोन करून सांगतात. आणि मग वाचन आपोआप होतं. जे चुकलं त्याच्यावर त्याच रात्री पंधरा मिनिटं वाचायचं, झोप येत नाही कारण स्वतःचा पेशंट असतो. वरच्या फुकट साइटी तेव्हा कामाला येतात, आधी नाही.

बाकी हाताचं काम. खाटकाकडून बकऱ्याची श्वासनलिका आणायची, सकाळी लवकर सांगून ठेवलं तर देतो, त्याच्यावर क्रायकोथायरॉइडोटॉमीची (गळ्यात छेद देऊन श्वासाची वाट करायची) प्रॅक्टिस. वरून ओल्या कापडाची किंवा कोंबडीच्या कातडीची घडी टाकली की त्वचेसारखं लागतं, बोटाने मेम्ब्रेन शोधायची, उभा छेद, मग आडवा, मग बोट, मग बूजी (वाट दाखवणारी लवचिक कांडी), मग ट्यूब. डोळे बंद करून पण करून बघा, खऱ्या पेशंटमध्ये रक्ताने काही दिसत नाही. बरगड्यांच्या तुकड्यावर आयसीडी (छातीत घालायची नळी). कोंबडीच्या तंगडीच्या हाडात आयओ (हाडातून सलाइन द्यायची) सुई. ज्या सिम्युलेशन लॅबला लाखो लागतात त्याच्यातलं निम्मं यात होतं, फक्त नंतर खोली धुवा नाहीतर एचओडी दुसऱ्या दिवशी वासावरून धरतील.

सोनोग्राफीचं मात्र बघून. परदेशी व्हिडिओत ते खिशातून प्रोब काढतात, इथे पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाला बंदीचा कायदा) आहे. मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, वापरणाऱ्याचं नाव नोंदणीत. कायदा कशासाठी आला हे आपल्या भागाला कोणी सांगायला नको. तर स्वतःचा प्रोब घेऊन डीआरपीला अजिबात जाऊ नका, तिथे रेडिऑलॉजीवाल्यांशी गोड बोलून त्यांच्या खोलीत त्यांच्यासोबत फास्ट (पोटातलं रक्त बघायची सोनोग्राफी) शिका.

टाके_घालणारा
बकऱ्याची आयडिया आवडली. वहीचं पण पटलं, पण एक शंका. लिहून ठेवलेलं उद्या कोर्टात आलं तर?

डीएनबी_पास_झालो_एकदाचा
म्हणून तर नाव लिहायचं नाही आणि वही हॉस्पिटलच्या बाहेर न्यायची नाही सर. फोटो तर बिलकुल नाही. व्हॉट्सॲपवर एक्सरे फिरवणाऱ्यांना आधी विचारा हा प्रश्न 😄

रात्रपाळी
एक विचारायचं राहिलं. ईसीजी ब्लॉग वाचते, त्यात लगेच "कॅथलॅब ॲक्टिव्हेट करा" (म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली तयार करा). धडगाव-अक्कलकुव्याकडे एसटीईएमआय (मोठा हार्ट अटॅक) आला तर?

सातपुड्याचा_एमओ
तर तुम्ही ॲक्टिव्हेट करा, मी एकशेआठला फोन करतो, आणि चांदसैली घाटात तिघं मिळून बघू काय होतं ते.

सिरियसली, दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर लायसिस (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन), हे गाइडलाइनमध्येच आहे, आपण ते पान उलटून पुढे जातो कारण ब्लॉग लिहिणाऱ्याला ते लागत नाही. लायसिसचं टेनेक्टेप्लेज वजनावर, काँट्राइंडिकेशनची लिस्ट भिंतीवर, आणि ईसीजीत दिसल्यापासून सुई टोचेपर्यंत मिनिटं मोजायची. लायसिस करून मग पाठवा, पाठवून मग लायसिस नाही. डीआरपीला आल्यावर हा विषय तुम्हीच आम्हाला शिकवा, आमच्याकडचे नवीन एमओ घाबरतात इंजेक्शन द्यायला, ब्लीडिंग झालं तर नातेवाईक काय करतील या भीतीने.

तापीकाठ
आणि एक विषय कोणी काढला नाही, ऊन. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा शुद्ध हरपलेला आणि अंग भट्टीसारखं झालेला माणूस आला की आपले लोक पॅरासिटामोल लावतात, त्याचा शून्य उपयोग. काखेतल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवायचा नाही, गुदमार्गे घ्या, चाळीसच्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही म्हणजे हीटस्ट्रोक धरून चाला. पहिल्या अर्ध्या तासात थंड करायचं. कपडे काढा, पाणी मारा, मोठा फॅन. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने हे मुंबईपेक्षा इथे जास्त चांगलं चालतं. तरणा मजूर असेल तर ताडपत्रीत बर्फाचं पाणी घालून त्यात झोपवा, चार जणांनी कडा धरायच्या, ताडपत्री कोणत्याही शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये मिळते.

याच्याशी जोडून आपल्या कापूसपट्ट्याचा विषय, औषध पिलेले पेशंट. ओपीमध्ये (ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक) ॲट्रोपिनची ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची, सुरुवात तीन ते पाच ॲम्प्यूलने, दर पाच मिनिटांनी डोस डबल, छाती कोरडी होईपर्यंत. बाहुली बघत बसू नका, छाती ऐका. मग एकूण जेवढं लागलं त्याच्या दहा ते वीस टक्के तासाला ड्रिपमध्ये. आता गंमत बघा, मे महिना, वॉर्डात एसी नाही, ॲट्रोपिनने घाम बंद झालेला. त्याला ताप येतो, बडबडतो, आणि आपण ॲस्पिरेशन म्हणून अँटिबायोटिक वाढवतो. पोटावर स्टेथो ठेवा, आतड्याचा आवाज गायब असेल तर ॲट्रोपिन जास्त झालंय, थांबवा थोडा वेळ आणि अंग थंड करा. हे मी कुठे वाचलं नाही, उन्हाळ्यात वॉर्डातच कळलं.

केळीवाला_रावेर
राम राम. मी काई डॉक्टर नही शे, केळीवाला शे. तुम्हनं बठ्ठं वाचं, निम्मं डोकावरथून गयं 😀 पन एक इचारस, फवारनी करतांना गडीले चक्कर उनी ते दवाखानामा जावापहिले काय करानं? आम्हीन मीठनं पानी पाजतस.

स्टाफ_सिस्टर_आक्का
दादा, मिठाचं पाणी नका पाजू, उलटी पण करवू नका, फुफ्फुसात जाते. कपडे सगळे काढा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा, धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घाला. कुशीवर झोपवा. आणि औषधाची बाटली सोबत आणा, निदान लेबलचा फोटो. बाटली नसेल तर आमचे डॉक्टर अंदाजाने चालतात, आणि पॅराक्वाट (तणनाशक) असेल तर उगाच ऑक्सिजन दिलेला पण वाईट पडतो.

केळीवाला_रावेर
बरं आक्का. सांगी देस सालदारले.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं ठरलंय ते लिहिते. सबस्क्रिप्शन कॅन्सल, पुढच्या स्टायपेंडला एटीएलएसचा फॉर्म. वही उद्यापासून. आणि डीआरपीला आल्यावर आठवड्यातून एकदा सकाळच्या हँडओव्हरनंतर पाऊण तास, सिस्टर आणि मामा धरून सगळे, एकावेळी एकच केस आणि तिचा शेवट काय झाला ते. सातपुडा सर, पीएचसीवरून फोनवर जोडता येईल का तुम्हाला? रेकॉर्डिंग ठेवणार नाही, पेशंटच्या गोष्टी असतात.

सातपुड्याचा_एमओ
रेंज असली तर. गुरुवार सोडून कोणताही दिवस, गुरुवारी लसीकरण असतं माझं.

डीएनबी_पास_झालो_एकदाचा
मी पण येतो ऑनलाइन. पहिली केस मण्यारची घ्या, ऑगस्टच्या आत.

टाके_घालणारा
मंगळवार ठेवा. सोमवारी माझी ओटी रात्रीपर्यंत चालते, सकाळी उठायलाच उशीर होतो, पण हँडओव्हरपर्यंत पोचेन. आणि आक्का तुम्ही पण या, ट्यूबचं तुम्हीच सांगा सगळ्यांना.

स्टाफ_सिस्टर_आक्का
मंगळवारी माझा वीकली ऑफ आहे. बुधवार करा.